घरी नांदावयास आलेली यंत्रे

पूर्वी घरात एखादे यंत्र आणावयाचे म्हणजे दोनच गोष्टींचा विचार करावा लागे: किंमत किती आणि टिकणार किती. पंखा आणला, छताला टांगला, बटण दाबताच फिरू लागला. शिवणयंत्र आणले, दोन थेंब तेल घातले, चालू लागले. रेडिओ आणला, फळीवर विराजमान केला, त्यावर विणकामाचे आच्छादन घातले आणि तो गाऊ लागला. दुकानदाराच्या हातावर पैसे ठेवले की त्या वस्तूचा आणि त्याचा ऋणानुबंध संपे. पुढे ती वस्तू सर्वस्वी आपली. बिघडलीच तर पेठेतील कारागीर ती उघडी, कोठे डाख देई, कोठे तार बदली आणि तिला पुन्हा बोलती करी.

आता जी यंत्रे घरोघर येत आहेत त्यांची रीत निराळी आहे. दिवे, दूरचित्रवाणी संच, कॅमेरे, कुलपे, बोलक्या पेट्या, सारी इंटरनेटशी जोडलेली. पेठेत त्यांना ‘स्मार्ट’ म्हणतात. आमच्या मातोश्रींनी त्याचे भाषांतर ‘अतिशहाणी’ असे केले आहे. ही यंत्रे आपल्या घरी नांदावयास येतात खरी, परंतु त्यांचा जीव माहेरी, म्हणजे ज्या कंपनीने त्यांना घडविले तिच्या दूरच्या संगणकांत गुंतलेला असतो. माहेरची ओढ असण्यात गैर काही नाही, असे आमच्या गृहिणींनी आम्हांस निक्षून बजावले आहे. परंतु माहेरी विचारल्यावाचून जे यंत्र साधा दिवाही लावीत नाही, त्याची पुरती चौकशी करूनच सोयरीक जुळवावी, एवढे तरी कोणीही मान्य करील.

विद्यार्थीमित्रांसाठी हे अंमळ फोड करून सांगावयास हवे. साध्या दिव्याचे बटण दाबले की भिंतीतल्या तारेचे मंडल पूर्ण होते आणि दिवा लागतो. सारा व्यवहार दहा-पंधरा हातांच्या आत उरकतो. जोडलेल्या दिव्याला फोनवरून हुकूम दिला म्हणजे तो हुकूम पुष्कळदा घरातल्या राउटरमार्गे शेकडो, कधी हजारो कोस दूरच्या संगणकाकडे जातो, तेथे आपल्या खात्याची ओळख पटते, मग तो परत आपल्या घरी येतो आणि दिवा उजळतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते, म्हणून आपणांस त्या प्रवासाची जाणीव होत नाही. काही यंत्रे मात्र एवढा खटाटोप न करता घरातल्या घरात निरोप पोचवितात. या दोन जातींतला भेद खोक्यावर मोठ्या अक्षरांत क्वचितच छापलेला असतो, आणि निवड करताना तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

आम्ही बडोद्यास दांडिया बाजारात एका जुन्या वाड्यात राहतो. घरात ऐंशी वर्षांच्या मातोश्री, गृहिणी, नववीतले चिरंजीव, सातवीतली कन्या आणि आम्ही अशी पाच माणसे. दिवाळीनंतर घरात काही नवी यंत्रे आणावयाचे ठरले. चिरंजीवांची यादी लांबलचक होती: मोठा दूरचित्रवाणी संच, रंग बदलणारे दिवे, हुकूम ऐकणारी बोलकी पेटी, दारावर कॅमेरा आणि बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूप. यादीच्या शेवटी पुण्याहून धाकट्या बंधूंनी एक गोष्ट जोडली होती: मातोश्रींच्या खोलीत एक कॅमेरा. आम्ही दोघे कामावर आणि मुले शाळेत असतात तेव्हा मातोश्री दुपारी एकट्याच असतात. श्रावणात त्या मोरीत पाय घसरून पडल्या आणि कन्या शाळेतून येईपर्यंत तशाच बसून राहिल्या. बंधूंची काळजी रास्त होती. इतर यंत्रांची निवड ही हौस होती. हा एक प्रश्न मात्र हौसेचा नव्हता.

यादी समोर ठेवून आम्ही काही कसोट्या ठरविल्या. पहिली कसोटी अशी, की जोडणी तुटली तर यंत्र काय करील?

ही शंका काल्पनिक नव्हे. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, आपल्याकडे नरकचतुर्दशीच्या दिवशी, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात असलेल्या ॲमेझॉनच्या संगणककेंद्रांत बिघाड झाला. त्याबरोबर कितीतरी ठिकाणी घरातल्या बोलक्या पेट्या मुक्या झाल्या, दारावरचे कॅमेरे बंद पडले, आणि ज्यांचे तापमान इंटरनेटवरून राखले जाते असे काही महागडे बिछानेही अडून बसले. बिछान्याला सुद्धा निजण्यापूर्वी दूरदेशी विचारावे लागावे, याचे मातोश्रींना फार नवल वाटले.

आपल्या गावचा अनुभव याहून जवळचा आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला महापूर आला तेव्हा शहराच्या अनेक भागांत पाणी शिरले आणि वीज गेली. विजेमागोमाग राउटर जातो आणि फोनची बॅटरीही फार काळ पुरत नाही. अशा वेळी घरात कामाला येतात त्या वस्तू म्हणजे कंदील, मेणबत्ती, विजेरी आणि दोन सेलांवर चालणारा ट्रान्झिस्टर. म्हणून आम्ही नियम केला, की जे काम अडल्यास घर अडेल ते केवळ इंटरनेटच्या भरवशावर सोडावयाचे नाही. दिव्याला भिंतीवरचे बटण असलेच पाहिजे. कुलूप बोटाने उघडो वा फोनने, त्याला लोखंडी किल्लीही असली पाहिजे, आणि ती किल्ली शेजारी ठेविलेली असली पाहिजे.

जुन्या वाड्यांत राहणारांना याच ओघात आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. आमच्या भिंती हातभर जाडीच्या आहेत. राउटर बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर दुसरीची सुमारे सहा. आखूड लहर अधिक माहिती वेगाने नेते, परंतु भिंतीपुढे लवकर दमते. लांब लहर माहिती सावकाश नेते, पण भिंत ओलांडते. पुष्कळसे जोडलेले दिवे व प्लग केवळ २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. तेव्हा वस्तू घेण्यापूर्वी फोन हाती धरून घरभर हिंडावे आणि कोणत्या खोलीत लहर पोचते ते पाहावे. आमच्या देवघरात ती पोचत नाही. मातोश्रींच्या मते यात देवाची काही योजना असावी.

दुसरी कसोटी अशी, की यंत्राचे माहेर किती दिवस टिकेल? पंख्याची कंपनी बुडाली तरी पंखा फिरत राहतो. जोडलेल्या यंत्राचे तसे नाही. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाची एक पेटी मिळत असे. घरातले दिवे, कुलपे इत्यादींना ती एका सूत्रात बांधी. २०१४ साली ती कंपनी गूगलच्या कुटुंबातील नेस्ट या कंपनीने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्या पेटीची दूरची सेवा बंद केली. शेकडो डॉलर देऊन घेतलेली, कोठेही न मोडलेली, न जळलेली पेटी एका दिवसात निरुपयोगी झाली. तेव्हा दुकानदाराला वॉरंटीइतकाच दुसरा प्रश्न विचारावा: या यंत्राला सुधारणा, म्हणजे ज्याला अपडेट म्हणतात ते, किती वर्षे मिळतील? उत्तर कागदावर मिळाले तर उत्तम. नुसते हसण्यावर नेले तर त्यातूनही बोध घ्यावा.

याच दृष्टीने ‘मॅटर’ हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी एकाच रीतीने बोलावे यासाठी अनेक कंपन्यांनी मिळून ही प्रमाणपद्धती केली आणि तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत यंत्रांचा संवाद घरातल्या घरात होऊ शकतो. उद्या एका कंपनीने पाठ फिरविली तरी दिवा दुसऱ्या कंपनीच्या सूत्राखाली नांदू शकेल, अशी आशा तरी बाळगता येते. या यंत्रांवर जोडणीच्या अंकांची एक चिकटपट्टी असते. ती वहीत चिकटवून ठेवावी.

तिसरी कसोटी ही घराच्या अब्रूशी निगडित आहे. पूर्वीचा रेडिओ बोलत असे आणि घर ऐकत असे. आजचे यंत्र घराचे ऐकते आणि पाहतेही. यंत्र काय ऐकते, काय पाहते आणि कोणाला सांगते, हे विचारणे प्राप्त आहे. २०१७ सालच्या फेब्रुवारीत व्हिझिओ या दूरचित्रवाणी संचांच्या कंपनीला अमेरिकन सरकारशी २२ लाख डॉलरांची तडजोड करावी लागली. तिच्या सुमारे १ कोटी १० लाख संचांतून, लोक पडद्यावर काय पाहतात याची नोंद त्यांच्या संमतीवाचून गोळा होत होती, असा आरोप होता. पडद्यावरचे चित्र ओळखून कळविण्याची ही सोय अनेक संचांत असते आणि बहुधा ती मांडणीच्या यादीत जाऊन बंद करता येते. आमच्या कन्येने नवा संच लावताच प्रथम तेच काम केले. तिला ते कलम सापडावयास अकरा मिनिटे लागली.

आपल्या संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती हवी, असे त्यात म्हटले आहे. परंतु कायदा कितीही चांगला असला तरी ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवणारे आपणच असतो.

ऐकणे-पाहणे कंपनीपुरतेच राहते असेही नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाचा एक दुष्ट प्रोग्रॅम पसरला. जगभरच्या घरांतील कॅमेरे व राउटर यांना कारखान्यातून येताना जे ठरावीक परवलीचे शब्द दिलेले असतात, त्यांतले साठ-एक शब्द तो एकामागून एक लावून पाही. मालकांनी ते बदललेले नसत. म्हणून लक्षावधी यंत्रे त्याला फितूर झाली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या झुंडीने एका कंपनीच्या संगणकांवर इतकी गर्दी केली, की अमेरिकेत अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. हा प्रोग्रॅम रचणारे तिघे जण विशी-एकविशीतले तरुण होते आणि २०१७ साली त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. बुद्धी होती, विवेक नव्हता. आणि घरोघरच्या लोकांनी दाराला कडी घातलेली नव्हती. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून असे ठरावीक, सहज ओळखता येणारे परवलीचे शब्द कायद्यानेच बंद केले, आणि आपल्या सरकारनेही २०२४ साली सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सुरक्षितता-चाचणीचा नियम अधिसूचित केला. तरीही कॅमेरा घरी आणताच परवलीचा शब्द बदलणे हे आपले काम आहे.

खर्चाचाही विचार करावा लागतो. जोडलेले यंत्र कधीच पूर्णपणे निजत नाही. हुकमाची वाट पाहत जागे राहते. आमच्या कन्येने गणित मांडले: एक वॅट वीज सतत खाणारे यंत्र वर्षाच्या ८,७६० तासांत पावणेनऊ युनिट खाते. अशी दहा यंत्रे ठेवली तर काही काम न करता सुमारे ८८ युनिट गेले. चिरंजीवांच्या यादीतील रंग बदलणारे दिवे या गणितानंतर बारावरून दोनावर आले.

चौथी कसोटी भाषेची. ही आम्हांला दुकानात मातोश्रींनी दाखवून दिली. बोलक्या पेटीपुढे उभ्या राहून त्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या, “दिवा लाव गं.” पेटी गप्प. पुन्हा म्हणाल्या. पेटीने हिंदीत क्षमा मागितली. दुकानातला गुजराती मुलगा अदबीने म्हणाला, “बा, हिंदीमां बोलो ने.” मातोश्री हसल्या. त्याला त्यांनी चांगल्या गुजरातीत सांगितले, की हिंदी मला येते, तिच्याशी माझे वैर नाही. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “बाहेर मी साठ वर्षं गुजराती बोलते, आनंदानं बोलते. पण घरातला दिवा लावायलासुद्धा भाषा बदलायची, तर मग मराठी बोलायची कुठं?”

या प्रश्नावर आम्हांला उत्तर सुचले नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मराठीसाठी दोनच जागा उरल्या आहेत, शाळा आणि घर. बाजार, कचेरी, बस, इस्पितळ येथे दुसरी भाषा बोलावी लागते आणि त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु घरातले दिवे, गाणी, घड्याळाचा गजर यांच्याशी लहान मुले दिवसातून पन्नासदा परक्या भाषेत बोलू लागली, तर ती भाषा हळूहळू माजघरातही येऊन बसेल, आणि तिला कोणी बोलावले होते हे कोणाच्या लक्षातही राहणार नाही. यंत्रांना मराठी शिकविता येत नाही असे मुळीच नव्हे. फोनवरच्या गूगल असिस्टंटला २०१८ सालापासून मराठी समजू लागले. अडचण आहे ती मागणीची. जी भाषा ग्राहक मागतो ती कंपनी शिकविते. म्हणून आम्ही ती पेटी घेतली नाही, आणि का घेत नाही ते दुकानदाराला सांगूनच बाहेर पडलो.

आता राहिला कॅमेऱ्याचा प्रश्न. रविवारी पुण्याच्या बंधूंशी फोनवर बोलणे झाले. त्यांचे म्हणणे खरे होते: पडलेल्या माणसाला तासन्‌तास कोणी पाहत नाही, ही गोष्ट भयंकर आहे. मातोश्रींनी ते सारे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, “अरे, मी दुपारी पदर बाजूला टाकून पडते. कधी तुझ्या वडिलांच्या फोटोशी बोलते. कधी रडतेही. ते तू तिकडं कचेरीत बसून पाहणार का? मला कुणी पाहायला नको आहे रे. हाक मारली तर कुणी यायला हवं आहे.”

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बंधू म्हणाले, “आई, नको कॅमेरा.”

पाहणे आणि येणे हा फरक एकदा ध्यानात आल्यावर निवड सोपी झाली. आम्ही सेलवर चालणारी एक बिनतारी घंटा आणली. तिला इंटरनेट लागत नाही, खाते लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही. तिचे बटण मातोश्री गळ्यातल्या दोरीत अडकवितात आणि घंटा शेजारच्या बेनच्या स्वयंपाकघरात वाजते. तिची वीज प्लगची नाही, सेलची. घरातली वीज गेली तरी घंटा वाजते. महिन्याच्या पहिल्या तारखेस मातोश्री तपासणीसाठी बटण दाबतात, बेन धावत येतात, आणि मग तपासणीच्या निमित्ताने दोघींचा चहा होतो. मोरीत खरखरीत फरशी बसविली आणि भिंतीला धरावयास दांडा ठोकला. ही दोन्ही कामे गवंड्याने केली. त्यांत शहाणपण असले तर ते गवंड्याचे.

बाकी यादीतून आम्ही दूरचित्रवाणी संच घेतला, भिंतीवरचे बटण राखून दोन दिवे घेतले, आणि दाराबाहेर एक कॅमेरा लावला. त्याचे तोंड जिन्याकडे आहे, घराकडे नाही, आणि शेजाऱ्यांच्या दारावर त्याची नजर जाणार नाही अशा बेताने तो बसविला आहे. कुलूप जुनेच आहे. संचावर मुले मातोश्रींना जुनी मराठी नाटके लावून देतात. पडदा मोठा असल्यामुळे चश्म्यावाचून दिसते, म्हणून त्या संचावर त्यांचा राग नाही. किंबहुना या एका अतिशहाण्याला त्यांनी ‘गुणी’ अशी पदवी दिली आहे.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या घरी अशा वस्तू घेण्याची वेळ येते तेव्हा वडीलमंडळी तुम्हांलाच विचारतात, कारण यंत्रांची भाषा तुम्हांला अधिक समजते. हा मान मोठा आहे. तेव्हा सल्ला देताना रंग, आकार आणि किंमत यांच्या आधी काही गोष्टी विचारीत जा. वीज व इंटरनेट गेले तर हे काय करील? याला किती वर्षे सांभाळले जाईल? घरातले काय ऐकून बाहेर काय सांगेल? आजीच्या भाषेत बोलेल का? वस्तू घरी आली की परवलीचा शब्द बदला, नको त्या सोयी बंद करा, आणि जुनी वस्तू दुसऱ्याला देण्यापूर्वी तिच्यातील आपली माहिती पुसून टाका. आणि ज्या माणसासाठी वस्तू घ्यावयाची, त्या माणसाला तिची गरज आहे का, हे दुकानात जाण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून विचारा. आमच्या घरी त्या विचारण्यास अर्धा तास लागला, आणि साऱ्या खरेदीत तेवढेच काम असे होते की जे कोणत्याही यंत्रावर सोपविता आले नसते.